डायना, शिमोदा आणि हेदाचे सुतार

किनाराकर:

मंडळी, नमस्कार.

जपानचे दरवाजे उघडले ते अमेरिकन नौदलाच्या पेरीने, १८५३ मध्ये, 'काळी जहाजं' आणून. एवढं आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं आणि गाडी तिथेच थांबते. पण पेरी तोक्योजवळच्या उरागाला येऊन जेमतेम दीड महिना होतोय तोच नागासाकीत रशियाचा अ‍ॅडमिरल पुत्यातिन चार जहाजं घेऊन हजर झाला होता. त्याची गोष्ट मला पेरीच्या गोष्टीपेक्षा कैक पटींनी आवडते. पेरीच्या गोष्टीत सगळे अधिकारी आणि दुभाषेच आहेत. इथे मात्र एक आख्खं गाव आहे.

पुत्यातिनचं पहिलं जहाज 'पल्लादा' जुनं झालं होतं, म्हणून १८५४ मध्ये त्याला 'डायना' ही ५२ तोफांची फ्रिगेट (शिडांची लढाऊ नौका) मिळाली. सुमारे ५०० माणसं. हाकोदाते झालं, मग थेट ओसाकासमोर जाऊन उभा राहिला. तिथे सम्राटाचं क्योटो जवळ, त्यामुळे एकच धावपळ उडाली. शोगुनाच्या, म्हणजे सम्राटाच्या नावाने राज्य चालवणाऱ्या सेनापतीच्या, लोकांनी सांगितलं, बोलणी शिमोदात होतील, तिकडे जा. शिमोदा म्हणजे इझू द्वीपकल्पाच्या टोकाचं लहानसं बंदर. त्याच वर्षीच्या अमेरिकन तहाने ते परक्या जहाजांना खुलं झालेलं होतं.

२२ डिसेंबर १८५४ ला तिथल्या एका बौद्ध मंदिरात बोलणी सुरू झाली. २३ तारखेला सकाळी भूकंप. आजच्या मोजणीने साधारण ८.४ चा. पाठोपाठ त्सुनामी.

शिमोदाची बहुतेक सगळी घरं वाहून गेली. डायना बंदरात नांगरलेली होती. पाणी आत येई, बाहेर जाई, परत आत येई, आणि जहाज आपल्याच नांगरांभोवती गरगरत होतं. अर्ध्या तासात ४२ गिरक्या, अशी नोंद आहे. कोणी तरी मोजल्या म्हणजे! मला तर त्या मोजणाऱ्याचंच जास्त कौतुक वाटतं. एक तोफ दावं तोडून सुटली, तिच्याखाली एक खलाशी गेला. सुकाणू तुटलं, तळ फाटला. तशा अवस्थेतही रशियनांनी वाहत चाललेल्या काही जपान्यांना पाण्यातून वर ओढलं आणि गावासाठी डॉक्टर देऊ केला. जपानच्या बाजूने बोलणी करणारा कावाजी तोशिआकिरा हा हुशार आणि सावध गृहस्थ. या प्रसंगानंतर पुत्यातिनबद्दलचा त्याचा सूर बदलला.

आता दुरुस्ती कुठे करायची? तिकडे क्रिमियाचं युद्ध चालू. इंग्रज आणि फ्रेंच जहाजं रशियनांच्या मागावर. शिमोदा उघडं बंदर, कोणीही येऊन बघावं. मग इझूच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हेदा सापडलं. समुद्रातून वाळूची एक लांब जीभ वळून येते आणि खाडीचं तोंड झाकते. बाहेरून जाणाऱ्याला आत जहाज उभं आहे हे कळतच नाही.

तोफा शिमोदात उतरवून डायना निघाली, पण हेदाला पोचलीच नाही. वाऱ्याने तिला सुरुगा आखाताच्या पार डोक्याशी, फुजी पर्वताच्या पायथ्याच्या किनाऱ्याला नेऊन घातलं. तिथल्या मियाजिमाच्या लोकांची घरंही त्याच भूकंपात पडलेली. तरी ते थंडीत किनाऱ्यावर उभे राहिले, जहाजावरून आलेले दोर धरले आणि सगळी माणसं उतरवून घेतली. मग शंभरेक होड्या जोडून जहाज हेदाकडे ओढायला काढलं. वाटेत वारं फिरलं. होडीवाल्यांनी दोर कापले आणि किनारा गाठला. डायना बुडाली. जानेवारी १८५५.

म्हणजे आता ५०० माणसं, आणि जहाज नाही. मंडळी पायी हेदाला गेली आणि तिथे नवं जहाज बांधायला बसली. वाचवलेल्या सामानात एक रशियन नौदल मासिक होतं, त्यात 'ओपित' नावाच्या स्कूनरचा (लहान शिडाच्या जहाजाचा) आराखडा छापलेला होता. तोच धरला. लाकूड, लोखंड, मजूर शोगुनाच्या सरकारने दिले. हेदाच्या सात सुतारांना मुख्य नेमलं. एप्रिलमध्ये सुमारे २४ मीटर लांबीचं, दोन डोलकाठ्यांचं जहाज पाण्यात होतं. पुत्यातिनने त्याला गावाचंच नाव दिलं: हेदा.

मध्यंतरी ७ फेब्रुवारी १८५५ ला शिमोदात तह झाला, तो पुस्तकांत आहे. माझं म्हणणं एवढंच, की या सगळ्या प्रकरणात टिकाऊ काम त्या सात सुतारांनी केलं आणि नाव झालं ते सह्या करणाऱ्यांचं.

सागरगोटा:

वा, काय गोष्ट आहे! ५०० लोकांसाठी २४ मीटरचं जहाज? सगळे मावले?

किनाराकर:

छे हो, कुठले मावतात. हेदावर पन्नासच्या आसपास गेले, स्वतः पुत्यातिन धरून. बाकीच्यांचं नंतर सांगतो, ती वेगळीच भानगड आहे.

शंकासुर:

लेख चांगला, पण गोडगोड झालाय. तीन प्रश्न.

१. हे जपानात बांधलेलं पहिलं पाश्चात्त्य धाटणीचं जहाज असं जिथे तिथे लिहिलेलं असतं. उरागाला 'होओ मारू' १८५४ मध्येच तयार झालं होतं.

२. सुतारांनी शिकायचं ठरवलं की त्यांना हुकूम होता?

३. जपानी सरकारची बंदी होती तोवर मोठं जहाज बांधणं गुन्हा, आणि रशियन आले की लगेच लाकूड फुकट? ही मैत्री की हिशेब?

किनाराकर:

शंकासुर, तुमच्याशिवाय धागा रंगत नाही.

होओ मारूचं बरोबर आहे, म्हणूनच मी 'पहिलं' हा शब्द घातला नाही. फरक असा, की होओ मारू डच पुस्तकं वाचून आणि परकी जहाजं लांबून बघून केलेलं. हेदात शेजारी उभं राहून 'असं नाही, तसं' सांगणारे दर्यावर्दी होते. जहाजही त्यांनाच न्यायचं होतं, त्यामुळे खोटं चालणार नव्हतं.

हुकूम होता, अर्थात होता. आणि हिशेबही होता. १६३५ पासून मोठ्या जहाजांवर बंदी होती, ती पेरी येऊन गेल्यावर १८५३ मध्येच उठवली. सरकारला शिकायचंच होतं, पैसे टाकून गुरू बोलवायचे तर ते आयतेच दारात येऊन बुडाले. या कामावर देखरेख कोणाची, तर एगावा तारोझाएमोनची. निरायामाचा हा अधिकारी तोफा ओतायच्या भट्टीमागे लागलेला होता. ती भट्टी आधी शिमोदातच बांधायला घेतली होती. पेरीच्या ताफ्यातला एक खलाशी त्या आवारात घुसला, म्हणून काम उचलून आत निरायामाला नेलं. आज ती भट्टी जागतिक वारसा यादीत आहे. बिचारा एगावा हेदाचं जहाज पुरं व्हायच्या आधीच वारला.

पण हिशेब होता म्हणून माणुसकी नव्हती असं कुठे आहे? मियाजिमाच्या कोळ्यांना कोणता हिशेब होता?

शंकासुर:

त्याच कोळ्यांच्या भाईबंदांनी दोर कापले ना? :)

तांडेलाचा_नातू:

शंकासुर, दोर कापणं यावर हसू नका. ओढणारी होडी वल्ह्याची, मागे पाणी भरलेली फ्रिगेट. वारं उलटं फिरलं की ओढणाराच ओढला जातो. तिथे दोर सोडायला वेळ नसतो, कोयता घालायचा आणि वल्हं मारायचं. कापला नसता तर शंभर होड्या गेल्या असत्या, आणि जहाज तरीही गेलंच असतं. आमच्याकडेही कोणी तांडेल (होडीचा प्रमुख) याला पळपुटेपणा म्हणणार नाही.

योकोहामावासी:

तिथे अशी कथा सांगतात की फुजीच्या अंगावर एक लहानसा पांढरा ढग दिसला, आणि तो बघताच कोळ्यांनी दोर कापले. रशियनांना काही कळेना, हवा तर स्वच्छ होती. थोड्याच वेळात वादळ. कथेला मीठमसाला लागला असेल, पण फुजीवरच्या ढगावरून वाऱ्याचा अंदाज बांधणं हे तिथल्या मच्छीमारांचं खरंच रोजचं काम आहे.

सुमाताई:

किनाराकर, एक विचारते. त्याच भूकंपातली ती भाताच्या गंज्या पेटवून गाव वाचवणाऱ्या माणसाची गोष्ट ना?

किनाराकर:

ताई, जवळजवळ. तो दुसऱ्या दिवशीचा. २३ तारखेचा भूकंप तोकाई भागाचा, त्यानंतर साधारण ३२ तासांनी नानकाईचा. हामागुची गोर्यो यांनी गंज्या पेटवल्या त्या दुसऱ्यात, शिमोदापासून बरंच पश्चिमेला. जपानी पंचांगाने तो अकराव्या महिन्याचा पाचवा दिवस, म्हणून ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन. लागोपाठच्या या संकटांनी हैराण होऊन जपान्यांनी राजवटीच्या कालखंडाचं नावच बदललं: काएईचं आनसेई. म्हणून भूकंपांनाही आनसेई भूकंप म्हणतात, खरं तर झाले तेव्हा काएई चालू होतं.

रा_जो:

भूकंपावरून आठवलं, अवांतर आहे पण राहवत नाही. या त्सुनामीच्या लाटा प्रशांत महासागर ओलांडून सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन दिएगोच्या भरती मोजणाऱ्या यंत्रांवर उमटल्या. अमेरिकन किनारा सर्वेक्षणाचे प्रमुख अलेक्झांडर बाश यांना कागदावर या विचित्र लाटा दिसल्या, कारण कळेना. नंतर शिमोदाच्या आणि डायनाच्या बातम्या पोचल्या तेव्हा उलगडा झाला. मग त्यांनी उलटा हिशेब मांडला: लाट किती वेळात आली, म्हणजे वेग किती, म्हणजे मधलं पाणी सरासरी किती खोल. दोरी न सोडता महासागराची खोली! त्सुनामीसारख्या लांब लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो, एवढ्या एका सूत्रावर.

डायना त्या बंदरात नसती तर ही बातमी पाश्चात्त्य वर्तमानपत्रांत इतक्या तपशिलाने गेलीच नसती, हे माझं मत.

कांदेपोहे:

रा_जो, असं अवांतर रोज येऊ द्या.

तांडेलाचा_नातू:

मूळ मुद्द्यावर येतो. सुतारांच्या बाबतीत मला एक समजून घ्यायचंय. जुनं जपानी गलबत आणि हे स्कूनर यांत फरक नेमका कुठे होता? आमच्याकडे होडी बांधताना आधी पठाण (तळाचा कणा) टाकतात, त्यावर वाका (बरगड्या) उभ्या करतात, मग फळ्या. कागदावर काही नाही. मिस्त्री एक डोळा मिटून नाळेकडून (पुढच्या टोकाकडून) बघतो आणि 'इथे दोन बोटं घ्या' म्हणतो. बाजूचा पोरगा रंधा चालवतो. मला आठवतं, मिस्त्रीच्या कानावर पेन्सिल असे, पण ती फक्त फळीवर रेघ मारायला. त्यामुळे मासिकातल्या चित्रावरून जहाज उभं करणं म्हणजे काय, हे मला जास्त जाणवतं.

किनाराकर:

हाच तर प्रश्न हवा होता.

जुन्या जपानी बांधणीत तळाला एक जाड रुंद फळा, आणि त्याला कडेने मोठमोठ्या फळ्या एकमेकींना खिळ्यांनी जोडत वर न्यायच्या. आत आडव्या तुळया. वाकांचा सांगाडा नाहीच. फळ्यांचं कवच हाच आधार. किनाऱ्याकिनाऱ्याने माल न्यायला ही बांधणी झकास, पण मोठ्या समुद्रात मार खाते. स्कूनर बरोबर उलटं: आधी पठाण, मग वाकांचा पिंजरा, त्यावर फळ्या. म्हणजे कोकणातल्या मिस्त्रीला हेदात नेला असता तर तो जपानी सुतारांपेक्षा लवकर रुळला असता!

हेदाच्या सुतारांना सगळंच उलटं करायचं होतं. मापं वेगळी: रशियनांची आपली, यांची शाकू (जपानी फूट). मधे भाषा डच, कारण दोन्हीकडे जाणणारे तीच एक जाणत. त्यात फटी बुजवायला डांबर हवं. जपानी बांधणीत ते लागत नसे, म्हणून पाइनची लाकडं जाळून काढावं लागलं. वाकांचे आकार आधी जमिनीवर खऱ्या मापाने आखून मग लाकूड कापायचं, ही पद्धतही नवी. आणि शेवटी उतरत्या घसरणीवरून जहाज पाण्यात सोडायचं.

रशियन बाजूने आराखड्याचं काम करणाऱ्यांत अलेक्सांद्र मोझायस्की होता. हाच गृहस्थ पुढे १८८० च्या दशकात रशियात वाफेच्या इंजिनाचं विमान उडवायच्या मागे लागला.

शंकासुर:

ठीक. पण जहाज घेऊन रशियन गेले. गावाच्या हाती काय उरलं?

किनाराकर:

रशियनांच्या पाठोपाठ तिथेच त्याच आराखड्याची आणखी सहा जहाजं उभी राहिली. ज्या तालुक्यात हेदा येतं त्याच्या नावाने त्यांना 'किमिसावा धाटणीची' म्हणत. रशियनांशिवाय केलेली, हे लक्षात घ्या. सातांपैकी उएदा तोराकिची नागासाकीच्या नौदल शाळेत गेला, १८६२ च्या तुकडीबरोबर हॉलंडला गेला आणि पुढे योकोसुकाच्या गोदीत मोठ्या पदावर चढला. खेड्यातला होडीचा सुतार!

मूळ 'हेदा' रशियाने १८५६ मध्ये परत आणून दिलं, आणि शिमोदात ठेवलेल्या डायनाच्या तोफाही भेट दिल्या. आता म्हणा हिशेब.

शंकासुर:

तोफा परत न्यायला पैसे पडले असते. :)

पण तोराकिचीचं मान्य.

रा_जो:

आपल्याकडचं नेमकं उलटं उदाहरण आहे. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीला आरमार बांधायला घेतलं तेव्हा रुय लैतांव व्हिएगश या पोर्तुगीज कारागिराला बरोबरच्या माणसांसकट कामावर ठेवलं होतं. १६५९ ची गोष्ट. ही जहाजं उद्या आपल्यावरच येतील हे वसई-मुंबईच्या पोर्तुगीजांना उमगलं आणि ते सगळे काम टाकून निघून गेले. आरमार उभं राहिलंच, पण शिकवणारा अर्ध्यात उठून गेला. हेदात शिकवणाऱ्याला स्वतःचीच गरज होती, म्हणून तो शेवटच्या खिळ्यापर्यंत थांबला.

सुमाताई:

चार महिने ५०० परके पुरुष त्या एवढ्याशा गावात. बायकांचं, पोरांचं काय झालं असेल, याचा कोणी विचार केलाय का?

किनाराकर:

ताई, सरकारने तो आपल्या पद्धतीने केला होता: पहारे बसवले, गावकऱ्यांशी मोकळं बोलणं-चालणं नको असा दंडक. अधिकाऱ्यांना मंदिरांत उतरवलं, खलाशांना लांब चाळी बांधून दिल्या. पुत्यातिन होओसेनजी मंदिरात राहत होता. प्रत्यक्षात सुतारकाम खांद्याला खांदा लावून चालू असताना दंडक किती पाळला गेला असेल, तुम्हीच बघा. गावाला त्रास झालाच असणार. भूकंपानंतरचे दिवस, त्यात एवढी तोंडं. त्यासाठी 'मैत्री' हा शब्द मी जपून वापरतो. पण पुत्यातिनची मुलगी ओल्गा १८८७ मध्ये मुद्दाम हेदाला येऊन गेली आणि मृत्युपत्रात तिने गावासाठी पैसे ठेवले. म्हणजे त्या घरात हेदाचं नाव निघत असणार, आणि चांगल्या अर्थानेच.

कांदेपोहे:

तहात काय होतं ते तर राहिलंच.

किनाराकर:

थोडक्यात: शिमोदा, हाकोदाते, नागासाकी रशियनांना खुली. कुरिल बेटांत सीमा एतोरोफू आणि उरुप्पूच्या मधून. साखालिन बेटाची वाटणी नाही, जसं चाललंय तसं चालू दे. त्या सीमेवरून आजही दोन्ही देशांत वाद आहे, म्हणून जपानने १९८१ पासून ७ फेब्रुवारी हा उत्तरेकडच्या बेटांचा दिवस ठरवला. यावर इथे नको, नाही तर धागा थेट राजकारणाच्या विभागात हलवतील.

योकोहामावासी:

मी हेदाला गेलोय, म्हणून दोन शब्द. वाळूच्या त्या जिभेच्या टोकाशी एक लहान संग्रहालय आहे, बाहेर डायनाचा नांगर ठेवलाय. माणसापेक्षा मोठा, गंजून खडबडीत झालेला, अंगावरचे पापुद्रे सुटलेले. आत हेदाची प्रतिकृती आणि सुतारांची हत्यारं. ओल्गाचीही आठवण जपलेली. होओसेनजीच्या आवारात दोन रशियन खलाशांच्या कबरी आहेत.

गाव आज नुमाझू शहरात मोडतं. प्रसिद्धी मात्र जहाजाची नाही, खेकड्यांची! ताकाआशिगानी म्हणजे लांब पायांचा तो राक्षसी खेकडा. सुरुगा आखात अडीच हजार मीटरपर्यंत खोल आहे, तिथून तो काढतात. खानावळींसमोरच्या टाक्यांत बसलेले असतात, पाय टाकीत मावत नाहीत.

सागरगोटा:

किनाराकर, बाकीच्या खलाशांचं सांगणार होतात. वाट बघतोय.

किनाराकर:

सांगतो. जहाज मिळवायचे सगळे प्रयोग झाले. 'नेपोलियन' नावाचं फ्रेंच देवमासे पकडणारं जहाज शिमोदात आल्याचं कळताच रशियनांनी ते पकडायला होड्या पाठवल्या, पण ते आधीच निसटलं होतं. मग 'कॅरोलाइन फूट' हे अमेरिकन स्कूनर भाड्याने घेतलं, दीडशेवर माणसं त्यातून रशियाच्या कामचाटकाला गेली. मे महिन्यात पुत्यातिन 'हेदा' घेऊन निघाला आणि इंग्रजांना चुकवत अमूर नदीच्या मुखाशी पोचला.

उरलेले 'ग्रेटा' या जर्मन जहाजावर निघाले आणि ओखोत्स्क समुद्रात इंग्रजांच्या 'बाराकुटा'च्या तावडीत सापडले. सगळे युद्धकैदी. त्यांच्यात गोश्केविच नावाचा दुभाषा होता, आणि त्याच्याबरोबर हेदाहून लपूनछपून निघालेला ताचिबाना कोसाई हा जपानी. देश सोडणं म्हणजे तेव्हा मृत्युदंड. कैदेत दोघांना वेळच वेळ. त्यांनी बसून जपानी-रशियन शब्दकोश तयार केला, तो १८५७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला छापून निघाला. गोश्केविच पुढच्याच वर्षी हाकोदातेला रशियाचा पहिला वाणिज्यदूत म्हणून आला. ताचिबाना १८७४ मध्ये जपानला परतला, तोवर शोगुनही गेले होते आणि ती शिक्षाही.

शंकासुर:

या ताचिबानावर वेगळा धागा काढा. यात मी हिशेब शोधणार नाही.

सुमाताई:

योकोहामावासी, आम्ही एप्रिलमध्ये लेकाकडे तोक्योला जातोय. हेदाला एका दिवसात जाऊन येता येईल का? यांचे गुडघे दुखतात.

योकोहामावासी:

ताई, होईल पण दगदग आहे. शिनकानसेनने मिशिमा, तिथून लहान गाडीने शुझेनजी, पुढे घाटातून बस. बस मोजक्याच आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा. काकांना त्रास होणार असेल तर लेकाला गाडी भाड्याने घ्यायला सांगा, किंवा शुझेनजीला गरम पाण्याच्या कुंडांपाशी मुक्काम करा, गुडघ्यांनाही बरं. संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं तेही लेकाला बघायला सांगा. आणि खेकडा मागवण्याआधी भाव विचारा.